वावरात चालन असा फोन: मॉडेलचं नाव नको, काय पाहून घ्यावं ते सांगा

धुऱ्यावरून
राम राम मंडळी. बाबांसाठी फोन घ्यायचा आहे. गाव राळेगाव तालुक्यात. बजेट दहा-बारा हजार, हजार-पाचशे वर गेले तरी चालते.

वापर असा: बोलणं, व्हॉट्सॲप, कापसाचे भाव, हवामान, यूट्यूबवर कीर्तन, ओटीपी आणि हंगामात ई-पीक पाहणी. गेम नाही, सेल्फी नाही.

रिव्ह्यू पाहून पाहून वैताग आला. सगळे पोट्टे एसीच्या खोलीत बसून गेम खेळून दाखवतात, नाहीतर रात्रीचे फोटो काढून दाखवतात. आमच्या बाबांची रड वेगळीच आहे. दुपारी वावरात स्क्रीनवर काही दिसत नाही. मे महिन्यात फोन चार्ज होत नाही. घरात रेंज नाही, अंगणात आहे. फवारा पाठीवर असला का घंटी ऐकू येत नाही. हे कोण तपासून सांगते?

मॉडेल सांगू नका, सहा महिन्यांत ते दुकानातून गायब होते. काय पाहून घ्यावं तेवढं सांगा.

पानठेला
कीपॅडचा घेऊन दे ना बे. पडला तं पडला. एकदा चार्ज केला का चार दिवस पाहाव नाई लागत, आन जागलीले जाताना वरून टॉर्च फुकट.

धुऱ्यावरून
भाऊ, कीपॅडचा त्यांच्याकडे आहेच आणि तो राहणारच. पण त्यावर ई-पीक पाहणी होते का? २०२१ पासून पेरा आपणच नोंदवायचा आहे, आपल्या शेताच्या गट नंबरात उभं राहून, फोटो काढून. दर हंगामात गावातल्या कोण्या पोराच्या मागं फिरावं लागते.

पानठेला
ते बाकी खरं. पण पैसे पाठवाले कीपॅड चालते बरं का, सप्पा समजतात का त्याले स्मार्टफोनच लागते. *९९# आधीपासून हाय, २०२२ मंधी यूपीआयचं १२३पे आलं. नेट नाई लागत. माह्या ठेल्यावर एक आबाजी असाच हिशोब देतात, स्कॅनरकडं पाहत बी नाई.

मोबाईलचा दवाखाना
हिंगणघाटला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. फोन कशानं मरतो ते रोज टेबलावर दिसते, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी उन्हाचं. डब्यावर 'निट्स' लिहिलेले असतात, म्हणजे स्क्रीनचा उजेड. स्क्रीनचे दोन प्रकार, एलसीडी आणि अमोलेड. स्वस्तातल्या एलसीडीला साडेचारशे-पाचशेच्या आसपास असतात, दुपारच्या उन्हात तेवढ्यात भागत नाही. अमोलेडवाले बरेच फोन उन्हात आठशे-हजारापर्यंत जातात. मात्र जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा 'पीक'चा असतो, तो स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरता. तो सोडा आणि 'हाय ब्राइटनेस मोड'चा आकडा विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर डेमोचा फोन घेऊन रस्त्यावर उन्हात या आणि कॉल लावून पाहा. नंबर वाचता आला तर पास. दुकानदार तोंड वाकडं करते, करू द्या.

अजून एक, हे फुकटचं आहे. बरेच लोक बॅटरी वाचवायला 'ऑटो ब्राइटनेस' बंद करतात. पुष्कळ फोनमध्ये उन्हातला तो जास्तीचा उजेड ऑटो चालू असेल तरच मिळते, हातानं पट्टी पूर्ण ओढली तरी मिळत नाही. बाबांच्या आत्ताच्या फोनवर हे आधी करून पाहा.

आता अमोलेडची दुसरी बाजू. फुटला तर मूळ डिस्प्ले महाग पडते. मग गिऱ्हाईक म्हणते स्वस्तातला टाका. स्वस्तातला म्हणजे कॉपी, बहुतेक वेळा एलसीडीच, आणि उन्हातलं दिसणं गेलं. म्हणून टेम्पर ग्लास आणि कडा उंच असलेलं रबरी कव्हर पहिल्याच दिवशी. आणि तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावात ज्याचा डिस्प्ले मिळत नाही तो फोन कितीही चांगला असो, कास्तकारानं घेऊ नये. हे माझं ठाम मत आहे.

रॅमबद्दल. '१६ जीबी रॅम' असं मोठ्या अक्षरात असलं तर खालचं बारीक वाचा, ८ अधिक ८ असते. ते दुसरे ८ म्हणजे स्टोरेजमधूनच उसने घेतलेले. कोठीत जागा नाही म्हणून पोतं ओसरीत ठेवण्यासारखं आहे, पोतं राहते पण काढायला वेळ लागते. फोन हँग होण्याचं कारण बऱ्याचदा स्टोरेज असते. स्टोरेजचे दोन प्रकार: ईएमएमसी असेल तर हळू, यूएफएस असेल तर बरा. बारा हजारांत यूएफएस मिळू शकते, विचारून घ्या. १२८ जीबीच्या खाली जाऊ नका.

शेवटचं, आपल्या भागाचं खास. दिवाळीनंतर माझ्याकडे 'चार्जिंग पिन खराब' म्हणून फोन यायला लागतात. पिन चांगली असते. कापूस वेचताना, गाडी भरताना फोन खिशात असते आणि चार्जिंगच्या भोकात रुई ठासून बसते. वायर लावली का ती अजून आत दाबली जाते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं हळूच काढा. सुई, टाचणी घालू नका, आतले कॉन्टॅक्ट वाकले का खरंच पिन बदलावी लागते.

धुऱ्यावरून
ऑटो ब्राइटनेस बंदच होतं! चालू केलं. उद्या वावरात नेऊन सांगतो.

कुलरपुढं
मे महिन्यातलं चार्जिंगचं कोणी सांगितलं नाही. अकोल्याला आमच्याकडे हेच. दुपारी लावला का 'तापमान जास्त आहे' असं काहीतरी येते आणि टक्के जागच्या जागी. मुलगा म्हणतो चार्जर बदल.

लाईनवाला
ताई, चार्जर बदलू नका, पैसे वाया जातील.

बॅटरी लिथियमची असते. गरम असताना तिला चार्ज केलं तर ती आतून लवकर खराब होते, म्हणून फोनमध्येच तापमान पाहायची सोय असते. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढं गेली का फोन चार्जिंग हळू करते नाहीतर थांबवते. आता आपल्या अकोल्यात, चंद्रपुरात, ब्रह्मपुरीत मे महिन्यात बाहेरची हवाच ४५ ला असते. वर टिनाचं छत, फोनला जाड कव्हर, खाली गादी. फोन बिचारा बरोबर करत आहे.

करायचं काय? पहाटे लावा, चार-पाचला हवा थोडी थंड असते. कव्हर काढून फरशीवर ठेवा, गादीवर नाही. दुपारी लावायची वेळ आलीच तर फोन पाहत पाहत चार्ज करू नका. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर उन्हाळ्यापुरती चालू करा, कारण गरमी आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडीच तिला म्हातारी करते. उभ्या ट्रॅक्टरवर किंवा गाडीच्या काचेमागं फोन ठेवून जेवायला जाणाऱ्यांना तर काय बोलावं.

पानठेला
फ्रीजमंधी ठेवाव का?

लाईनवाला
नाही! बाहेर काढल्यावर आतून पाणी सुटते. गरम फोन सावलीत ठेवा, पंख्याखाली, बस.

विजेचंही सांगून टाकतो. लोकांना वाटते कमी व्होल्टेजनं फोन जळते. फोनचे चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात, वाचून पाहा, त्यावर छापलेलं असते. बल्ब मिणमिणत असला तरी चार्जर काम करते. मारते ते जास्तीचं व्होल्टेज. खांबावरचा न्यूट्रल तुटला का एकेका घरात २३० च्या जागी चारशेपर्यंत येऊ शकते. टीव्ही, चार्जर, कुलर एकदमच जातात. बल्ब अचानक जास्त पांढरा पेटला, पंखा पिसाट फिरला, का मेन स्विच पाडा, मग वायरमनला फोन करा.

आणि जूनमध्ये विजा कडाडायला लागल्या का चार्जरला लावलेल्या फोनवर बोलू नका. नुसता हातातला फोन वीज ओढत नाही, ती अफवा आहे. वायरीतून येणारी वीज मारते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, आपल्या आजूबाजूला वीज पडत असली का सूचना देते. बाबांच्या फोनमध्ये ते टाकाच.

झाडीपट्टी
रेंजचं मी लिहितो, गडचिरोलीवाल्यांना त्याचा अनुभव इतरांपेक्षा जास्त आहे :)

फोन घ्यायच्या आधी गावात कोणाचं टॉवर आहे ते पाहा, मग फोन. उलटं करू नका. प्रत्येक कंपनी वेगवेगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर चालते. आकडा लहान तेवढी लहर लांब जाते आणि भिंतीच्या आत शिरते. ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झ दूर जातात, २३०० जवळच राहते. बीएसएनएलचं नवं ४जी मुख्यतः ७०० आणि २१०० वर आहे. ७०० म्हणजे बँड २८. काही जुन्या आणि बाहेरून आणलेल्या फोनमध्ये बँड २८ नसतो, मग टॉवर गावात उभा आणि फोन मुका. कंपनीच्या साइटवर फोनच्या माहितीत बँडची यादी असते, पोराकडून तेवढी पाहून घ्या.

घरात रेंज नाही आणि अंगणात आहे म्हणता, तर शेजारी कोणाकडे वायफाय आहे का? असेल तर फोनमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करा. साधा कॉल वायफायवरून जाते. आमच्या गावच्या शाळेत फायबर आहे, सर लोक असंच बोलतात.

वाशिमचा_पुण्यात
एवढं सगळं पाहण्यापेक्षा ५जी फोन घ्या, दोन-चार वर्षांचा प्रश्न मिटला. आता कोणी ४जी फोन घेतं का?

झाडीपट्टी
पुण्यात नसतील घेत. इथे ५जी येते-जाते, आणि फोन दिवसभर शोधत राहते. टॉवर दूर असला का फोन जास्त जोर लावते, त्यात बॅटरी जाते आणि फोन तापते. माझा ५जीचाच आहे, पण सेटिंगमध्ये ४जीवर बांधून ठेवला आहे.

वाशिमचा_पुण्यात
मग घ्यायला हरकत काय? बांधून ठेवता येतो ना. उद्या टॉवर आला की सोडा.

मोबाईलचा दवाखाना
दोघांचंही बरोबर आहे, पण बारा हजारांत ५जी घेतला तर कंपनी दुसरीकडे कात्री लावते. बहुतेक स्क्रीनला. एकाच किमतीत एलसीडीचा ५जी आणि अमोलेडचा ४जी समोर असेल तर वावरासाठी मी दुसरा देईन.

वाशिमचा_पुण्यात
मला पटत नाही, पण तुमचं दुकान आहे, माझं नाही.

अंगणवाडीताई
स्टोरेजचं दवाखानेवाल्या दादांनी सांगितलं, पण ते भरते कशानं ते कोणी बोललं नाही. आम्हाला अंगणवाडीचं पोषण ट्रॅकर ॲप रोज उघडावं लागते, म्हणून 'जागा नाही' हे वाक्य पाठ आहे. भरते ते गुड मॉर्निंगनं. गणपती, संत्री, सूर्योदय, सगळ्या मामा-काका-आत्यांकडून, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये तेच.

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त जा, 'मीडिया ऑटो-डाउनलोड' सगळीकडून बंद करा. ज्याला पाहायचं ते टिचकी मारून पाहील. तिथेच 'मॅनेज स्टोरेज' आहे, कोणत्या ग्रुपनं किती खाल्लं ते दिसते. कीर्तनाच्या ग्रुपनं आमच्या सासऱ्यांचा अर्धा फोन खाल्ला होता.

गुगलचंही तसंच. मेल, फोटो, ड्राइव्ह मिळून १५ जीबी फुकट. फोटो कितीही ठेवा, ही सोय १ जून २०२१ ला संपली. २०२४ पासून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्या १५ मध्येच मोजला जातो. म्हणून मेलचा डबा भरला का बँकेचा मेल येत नाही आणि माणूस बँकेला शिव्या देते. बॅकअपमध्ये 'व्हिडिओ सामील करा' हे बंद ठेवा.

संत्रापट्टा
फोनचं सांगून राहिले सारे, माही रड मोटरीच्या स्टार्टरची हाय. वरूडकडं बागेवर मोबाईल स्टार्टर बसोला. घरून कॉल लावला का मोटर चालू. रातची लाईन असली का थंडीत उठून वावरात जाव नाई लागत. पण त्यातलं सिम! रिचार्ज संपला का स्टार्टर मुकं. नेट त्याले लागत नाई, तरी नेटवाला पॅक मारून राहिलो.

झाडीपट्टी
भाऊ, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे मोबाईल कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, कंपन्यांना सांगितलं का नुसते बोलणं आणि एसएमएसवाले पॅक द्या, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. जानेवारी २०२५ पासून ते मिळतात. रिचार्जवाल्याकडं तोच माग, तो आपणहून सांगत नाही. कीपॅडवाल्या बाबांनाही तोच पुरते.

संत्रापट्टा
हे मले कोणी सांगतलंच नाई! आन स्टार्टरले कोणतं बी सिम चालते का?

लाईनवाला
जुना असेल तर तो २जीचा आहे. जिओचं २जी नाहीच, ते सिम त्यात चालणार नाही. नवा घेत असाल तर ४जीचा मागा. आणि स्टार्टरमध्ये आपले नंबर टाकून बाकीच्यांचे कॉल बंद करा. नाहीतर कर्जवाल्या पोरीचा फोन येते आणि मोटर चालू होते, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे.

पानठेला
😂😂 लोन पायजे का म्हणे, मोटर म्हणे हो पायजे!

धुऱ्यावरून
उन्हात नेऊन पाहिला. आधीपेक्षा बरा दिसते, पण पूर्ण नाही, फोन जुना आहे. थोड्या वेळानं तापला आणि उजेड आपोआप कमी झाला.

मोबाईलचा दवाखाना
ते होणारच, तापला का फोन स्वतःच उजेड कमी करते. पांढऱ्या किंवा फिक्या रंगाचं कव्हर वापरा, काळं नको. ई-पीकच्या वेळी सकाळी नऊच्या आत जा.

वाशिमचा_पुण्यात
ई-पीकबद्दल एक. लोकेशनला नेटवर्क लागत नाही, ते उपग्रहाकडून येतं. पण नेटवर्क नसलं तर पहिल्यांदा धरायला वेळ लागतो. चिंचेखाली उभं राहून 'होत नाही, होत नाही' म्हणू नका. मोकळ्यावर, पाच मिनिटं, घाई न करता. काकांचं मागच्या वर्षी असंच केलं. (बघा, पुण्यातल्यांनाही थोडं कळतं.)

अंगणवाडीताई
बोटाच्या ठशाचं कुलूप असलेला फोन भारी म्हणून घेऊ नका. निंदण, वेचणी करून बोटं घासलेली असतात, ठसा लागत नाही. रेशनच्या मशीनवर बाया कितीदा बोट पुसून लावतात ते पाहतो ना आपण. आकड्यांचा पिन ठेवा. पीएम किसानच्या केवायसीलाही २०२३ पासून ॲपवर चेहरा दाखवायची सोय आहे, बोटासाठी केंद्रावर चकरा मारायची गरज नाही.

धुऱ्यावरून
फवारणीच्या वेळच्या घंटीचं काय?

पानठेला
हातात ते हजार रुपयाचं घड्याळ बांध ब्लूटूथचं. कॉल आला का थरथरते. माहा पुतण्या वापरते.

अंगणवाडीताई
कॉल आला हे कळलं तरी फवारा खाली ठेवून, हात धुतल्याशिवाय उचलायचा नाही. औषधाचे हात फोनला, तोच फोन गालाला. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती कास्तकार दगावले, विसरलो का आपण? त्या दिवसांत फोन घरीच ठेवायचा, नाहीतर बांधावर डब्यात. महत्त्वाचं असलं तर माणूस पुन्हा लावते.

धुऱ्यावरून
ताई, मानलं. घड्याळ रद्द.

कुलरपुढं
लग्नपत्रिकेचंही सांगा हो त्यांना. आमच्या इथे व्हॉट्सॲपवर पत्रिका आली, उघडली तर ॲप टाकू का म्हणून विचारते.

वाशिमचा_पुण्यात
ती पत्रिका नाही. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर उघडायचंच नाही, मग ती पत्रिका असो, गाडीचं चालान असो नाहीतर पीएम किसानची यादी असो. ती ॲप तुमचे एसएमएस वाचतात आणि ओटीपी तिकडे जातात. पाठवणारा ओळखीचा असला तरी भरवसा नाही, त्याचाच फोन आधी गेलेला असतो. बाबांच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप टाका' ही परवानगी व्हॉट्सॲप आणि क्रोमसाठी बंद करून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, सकाळची वाट पाहू नका.

धुऱ्यावरून
माझी यादी अशी झाली: अमोलेड, १२८ जीबी यूएफएस, बँड २८, धुळीसाठी आयपी५४ तरी, यवतमाळला डिस्प्ले मिळाला पाहिजे. ५जी मिळाला तर ठीक, नाहीतर ४जी. शनिवारी जातो. दुसऱ्या दिवशी बियाणं घ्यायला जायचं आहे, पैसे बाबांच्याच खात्यातून स्कॅन करून देऊ.

मोबाईलचा दवाखाना
थांबा! यूपीआय नव्या फोनवर चालू करताना सिममधून एसएमएस जाते. सिमला रिचार्ज नसेल तर तिथेच अडते. आणि नव्या फोनवर पहिले २४ तास ५,००० च्या वर पाठवता येत नाही. बियाण्याच्या दुकानात पंचाईत होईल. आधी जुन्या फोनवरून खरेदी करा, मग सिम हलवा.

धुऱ्यावरून
बरं झालं सांगितलं. बियाणं आधी.

पानठेला
आन जुना फोन कितीक ले देतं? माह्या पोट्ट्याले पायजे. मागून जरासा फुगला हाय म्हणे.

मोबाईलचा दवाखाना
फुगलेला असेल तर तो पोराच्या हातात देऊ नका आणि चार्जिंगलाही लावू नका. बॅटरी बदलून घ्या, मग काय तो सौदा करा. इकडून येणं झालं तर घेऊन या, पाहून देतो.